डॉक्टरांच्या गाडीतला बंद कप्पा

माझ्या गाडीची गोष्ट मी रोज सांगते आणि रोज ती थोडी वाढते. पंचावन्न सालची कॅडिलॅक, टप उघडा, रंग सध्या गुलाबी. पर्यटक बसले की मी सुरू करते, "हिचा पहिला मालक साखरसम्राट. एका नर्तकीपायी जुगारात घालवली हो! तिचा हार या समोरच्या कप्प्यात आहे. साठ वर्षांत कुणी उघडलेला नाही." अख्ख्या हवानात माझ्याइतकं गोड खोटं कुणी बोलत नाही, असं माझा नवरा म्हणतो.

खरं एवढंच की कप्प्याची किल्ली नव्हती. मालक मात्र गाडीने बरेच पाहिले. माझ्या काचिता आजीकडून ती काकाकडे गेली. काकाने टंचाईच्या दिवसांत दोन डुकरांच्या बदल्यात ती एका मुष्टियोद्ध्याला दिली. त्याने ती निळी केली. मग एका भगताकडे गेली, त्याने पांढरी केली. त्या भगताच्या मुलाशी मी लग्न केलं. लोक म्हणतात, गाडीसाठी केलं. नवराही तसा बरा निघाला.

परवा एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. शर्ट मायामीचा, बोलणं इथलंच. मी साखरसम्राटापर्यंत पोचले तोच ते हसले.

"दंतवैद्य होते," ते म्हणाले. "डॉक्टर किरोगा. माझे वडील. दारावरचा हा पोचा माझ्या सायकलचा आहे." आणि त्यांनी खिशातून एक छोटी किल्ली काढली.

मी गाडी कडेला घेतली. खरी हकिगत आम्ही घराबाहेर जाऊ दिली नव्हती. साठ साली आजी डॉक्टरांकडे कवळी आणायला गेली. पैसे आधीच चुकते केलेले. बघते तर घराला कुलूप, मंडळी देश सोडून गेलेली आणि फाटकात ही गाडी. आजीने दोन भावांना बोलावलं आणि दातांच्या बदल्यात गाडी ढकलत घरी आणली.

"तुमच्याकडे कशी आली, बाई?"

"कागद आहेत माझ्याकडे! सगळे!"

"मी काय पोलीस आहे? जरा गप्प बसा, किल्ली लागू द्या."

कप्पा करकरत उघडला. हार कुठला! वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक डबी, आणि तिच्यावर चिठ्ठी. त्यांनी वाचली, "कारिदाद रोबाइना. सकाळी घरी पोचवणे."

"सकाळी विमानाची तिकिटं आली," ते म्हणाले. "मामा आम्हाला त्याच्या गाडीतून घेऊन गेला, ही इथेच राहिली. वडील मरेपर्यंत जेवताना मध्येच थांबायचे. म्हणायचे, ती बाई कशाने चावत असेल रे?"

"कशानेच नाही," मी म्हटलं. "कारिदाद म्हणजेच काचिता. माझी आजी ती."

मग मी काही लपवलं नाही. आजीने दुसरी कवळी केलीच नाही. म्हणायची, एकदा तोंडाचं माप दिलंय, पुन्हा पुन्हा कोण देणार? डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी तिला जिवापाड आवडायची. ती चोखायची आणि उरलेली माझ्या हातावर ठेवायची. काका पेचकस घेऊन कप्प्याकडे वळला की गरजायची, "खबरदार! गाडी माझ्या दातांची. आतलं डॉक्टरांचं. मी चोर नाही." पुढच्या मालकांकडूनही तिने तशी शपथ घेतली होती. काखेत कळसा, पण हा कळसा परक्याचा आहे म्हणून तिने त्याला हातच लावला नाही.

"आता गाडी घेऊन जा," मी कशीबशी म्हणाले. "तुमचीच आहे."

"आणि ठेवू कुठे? मायामीत माझ्या बिल्डिंगला पार्किंग नाही." त्यांनी डबी माझ्या मांडीवर ठेवली. "मी दात पोचवायला आलोय."

आम्ही तशीच गाडी कबरस्तानाकडे वळवली. वाटेत त्यांनी तसलीच गरम कातडी विकत घेतली, कागदाचा चांगला मोठा पुडा. आजीच्या कबरीवर मी कवळी ठेवली, शेजारी पुडा उघडला, आणि मला रडू आवरेना.

"घे आजी," मी म्हटलं. "आज माझ्यासाठी काही उरवू नकोस."