एकशे बारावं पान

त्या दुपारी बापलेक नेहमीसारखे जेवणाच्या टेबलावर प्रुफं घेऊन बसले होते. वडिलांचा छापखान्यातला जुना शिरस्ता: एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. पुस्तक मुलीचं. ती कायदा शिकवायची, आणि कोणत्या देशाची राज्यघटना माणसाचे हक्क कसे जपते ते तिने त्यात ताडून पाहिलं होतं. वाचत ती होती. लाल पेन्सिल वडिलांच्या हातात.

“साऱ्या जगाचे हक्क सांभाळतेस, प्राध्यापकबाई, आणि स्वल्पविराम वाऱ्यावर सोडतेस.”

“तुम्ही आहात ना मागून गोळा करायला!”

खाजगीपणाचं प्रकरण आलं. एका घटनेत हा हक्क स्वच्छ लिहिलेला. दुसरीत तो शब्दच नाही, न्यायाधीशांनी इतर हक्कांतून शोधून काढलेला. एकशे अकरावं पान संपलं.

“पुढचं मी तपासलंय, बाबा. एकशे तेरा घेऊ.”

वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. “बरं.”

एकशे बाराव्या पानावर वडीलच होते. नाव नव्हतं, पण छापखाना होता, शिसं चोरल्याचा खोटा आळ होता, कोठडीतल्या दोन रात्री होत्या. एकदाच त्यांनी तिला ते सांगितलं होतं. “तुझ्या आईलाही ठाऊक नाही. पोटात ठेव.” तिला मात्र प्रकरणासाठी इतकं चपखल उदाहरण कुठल्याच निकालात सापडेना. आज विचारू, उद्या विचारू, असं करत प्रुफं आली.

पाच वाजता ती चहा करायला उठली. वडील टेबलाशीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी प्रकाशकांचा फोन आला, तेव्हा तिने प्रुफांचा गठ्ठा सोडला. एकशे बाराव्या पानावर ‘दोन रात्री’मधला ‘दोन’ लाल पेन्सिलीने खोडला होता. समासात ‘तीन’. खाली, प्रत्येक पानावर असायची तशी, त्यांची आखूड सही. बाकी एक अक्षर नाही.

परवानगी होती ती, की नुसती हाताची सवय? संमतीवर तिने नऊ पानं खर्ची घातली होती. ती संमती मागायला मान वर करून टेबलापलीकडे पाहिलं असतं, तरी पुरलं असतं.

तिने लाल पेन्सिल घेऊन अख्ख्या पानावर काट मारली. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मजकूर वाचून दाखवायची त्याच मोठ्या आवाजात म्हणाली,

“बाबा, तुम्ही पोटात ठेव म्हणालात आणि मी छापायला दिलं. तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. मला लाज वाटते, बाबा.”