साधाच कीटक

थोरलीने कुपीचं बूच काढलं आणि आतला कीटक चिमट्याने अलगद काचपट्टीवर ठेवला. संग्रहालयाच्या कीटक विभागात त्या वेळी दोघी बहिणीच होत्या. धाकटी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"आमच्या शाळेच्या आवारातल्या ओकच्या झाडावर होता. डबा खाताना सहज दिसला."

सहज. थोरलीने ओठ आवळले. ओकच्या सालीवरची बुरशी खरवडून खाणारी, तिळाएवढी ही जात कित्येक वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. तिच्यापायी थोरलीने उमेदीची वर्षं घालवली होती. झाडांखाली छत्री उलटी धरून, किडे तीत पडावेत म्हणून फांद्या झोडपल्या होत्या, गुडघे फोडून घेतले होते. आणि हिला डबा खाताना! लहानपणापासून हेच. गाण्यातलं बक्षीस असो की आईचं कौतुक, हिच्या पुढ्यात सगळं आपसूक येऊन पडायचं.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पंखावर तोच तपकिरी पट्टा, शिरांचं तेच वळण. शंकाच नको.

"साधाच आहे गं," मान वर न करता ती म्हणाली. "असले पैशाला पासरी मिळतात."

"हात्तिच्या! मी उगाच हवेत होते." धाकटीने हसत फोन लावला. "थांब, झाड तोडायला आलेल्या मुकादमांना सांगते. ताई बघेपर्यंत झाडाला हात लावू नका म्हणून अडवून धरलंय त्यांना. बिचारे करवत घेऊन बसलेत."

थोरलीने झटकन मान वर केली. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं.

"हां, मुकादम, ताई म्हणतेय—"

थोरलीने फोन तिच्या हातातून ओढूनच घेतला.

"झाड तोडायचं नाही. एक फांदीसुद्धा नाही. मी स्वतः येतेय तिकडे."

"आपण कोण?"

हुद्दा अगदी जिभेवर आला होता. तो तिने गिळला.

"त्या झाडावर दुर्मीळ कीटक सापडलाय. जिला सापडला, तिची मी बहीण."

फोन परत देताना तिने धाकटीकडे पाहिलं नाही.

"ताई, मघाशी तर साधा म्हणालीस."

"म्हणाले."

धाकटी दाराकडे गेली. मग दारामागचा थोरलीचा कोट काढून तिने तो तिच्यापुढे धरला.