कुठल्या पानावर?

मी चौथा खंड बोलतोय. पहिला नव्हे. पहिल्यावर सगळ्यांचा जीव असतो. त्याला उशाशी जागा मिळते, त्याच्यावर कॉफी सांडली तर लोक आपल्या बाहीने पुसून घेतात. माझ्यावर कॉफी सांडली तेव्हा माझ्या मालकिणीने कप आणखी थोडा तिरका केला. ऐकीव गोष्ट नाही ही. मी खालीच होतो.

आमच्या मालिकेचं नाव 'मीठ आणि धुकं'. नायिका इल्वेन, मिठाची चोरटी वाहतूक करणाऱ्या नावाड्याची मुलगी. नायक ऑर्थेल, धुक्याच्या गडाचा सरदार; उंच, फिकट, कायम रुसलेला. पहिल्या खंडात इल्वेन राजाची जहाजं बुडवते, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा कान चावते आणि ऑर्थेलला तोंडावर सांगते, "तुझ्या गडापेक्षा माझी होडी बरी. तिला निदान तळ आहे." वाचकांनी हे वाक्य कपांवर छापून घेतलं म्हणे. आणि माझ्यात? माझ्यात तीच इल्वेन आरशापुढे उभी राहून विचारते, "ऑर्थेल, निळा झगा घालू की राखाडी?" तो जबडा आवळतो. प्रकरण संपतं.

माझ्यात काहीतरी कमी आहे हे मला छापखान्यातच कळलं होतं, शाई ओली असताना. शेजारच्या यंत्रावर पाककृतींचं पुस्तक छापत होते. त्यातला कांदासुद्धा पहिल्या ओळीत कच्चा असायचा, तिसरीत गुलाबी, पाचवीत तांबूस. मी आपली पानं चाचपून पाहिली. विटेएवढा जाड मी, पण माझ्यात कुणी गुलाबीसुद्धा झालेलं नव्हतं.

तिथून मी आलो ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पीडीला. इथे माणसं डोंगर कोरून आत राहतात, कारण बाहेर ऊन असं की माझ्या पार्सलवरचा डिंक वितळून टपालवाल्याच्या मांडीला चिकटला आणि माझ्याबरोबर त्याची अर्धी चड्डीही घरात आली. माझी मालकीण वूला कारास. पन्नाशी उलटलेली, नवरा वारलेला, आवाज असा की तिने हाक मारली तर बाहेरच्या माश्या जागा बदलतात. तिच्याबरोबर राहायची तिच्या बहिणीची मुलगी देस्पिना. देस्पिना तिला थिया म्हणायची. मावशीला त्यांच्या ग्रीकमध्ये तेच म्हणतात.

दोघींचा धंदा दगड निवडण्याचा. जुन्या खाणींतून उपसलेला कचरा यंत्राच्या पट्ट्यावर सोडायचा, पट्टा एका अंधाऱ्या खोपटातून जातो, आत जांभळा दिवा. ओपल, म्हणजे इथलं रंगीत रत्न, आला की त्या दिव्याखाली चमकतो, तो उचलून डब्यात टाकायचा. तासन् तास दोघी खोपटात शेजारी शेजारी बसायच्या. हात दगडावर आणि तोंड आमच्यावर.

मी आलो तेव्हा वूलाने पावाच्या सुरीने पार्सल फाडलं.

"तिसऱ्यात काही दम नव्हता, तरी मागवलास?" देस्पिनाने विचारलं.

"तीन खंड खणलेत बाई. आता कुठे रंग लागेल."

हा आजार तिचा एकटीचा नाही, अख्ख्या गावाचा आहे. शेजारचा म्हातारा यॉर्गोस एकाच खड्ड्यात बायको आली, बायको गेली, गुडघे गेले तरी खणतोय. विचारलं की म्हणतो, आणखी एक फूट.

वूलाने मला स्वयंपाकघरात उभ्याने वाचायला घेतलं. पहिले दोन दिवस ती नुसती घशातून आवाज काढत होती. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली.

"याचा जबडा परत आवळला. देस्पिना, परत आवळला. या माणसाला दातांच्या डॉक्टरकडे न्या कुणीतरी."

"थिया, तो मनातलं बोलत नाही, म्हणून लेखिका तसं दाखवते."

"मनात असेल तर बोलेल ना. आणि हिची बहीण कुठे गेली? दुसऱ्या खंडात हिने बहिणीच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. इथे बहिणीचं नाव नाही. मांजर मेलं तरी माणूस आठवडाभर आठवण काढतो."

पण खरा घात झाला तो म्हाताऱ्या पेलचा. पेल म्हणजे इल्वेनला वल्हं धरायला शिकवणारा एकडोळ्या नावाडी. सगळ्या मालिकेत धड बोलणारा माणूस तो एकच. माझ्यात तो मरतो, आणि तेही अर्ध्या वाक्यात, स्वल्पविरामाच्या अलीकडे. स्वल्पविरामाच्या पलीकडे ऑर्थेल इल्वेनच्या केसांचा वास घेतो.

वूलाने ते वाक्य दोनदा वाचलं, आणि पुढच्या क्षणी मी हवेत होतो.

भिंतीवर आदळलो ते कोपऱ्यावर. या घरांच्या भिंती म्हणजे डोंगरच. एक ढलपी निसटली आणि आत काहीतरी पांढरं लखलखलं. दोघी धावल्या. इथे स्वयंपाकघर वाढवताना ओपल लागल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. वूलाने खुर्चीवर चढून दिवा धरला, थुंकी लावून दगड पुसला, आणि खाली उतरली.

"पॉच," ती म्हणाली. पॉच म्हणजे रंग नसलेला ओपल. दिसायला सख्खा भाऊ, बाजारात किंमत शून्य. "या पुस्तकाने भिंत फोडली तरी पॉचच निघते."

त्या दिवसापासून माझी रवानगी खोपटाच्या दारात झाली. दार आपोआप उघडायचं, आत ऊन शिरायचं. मला खाली सारलं की बसायचं घट्ट. माझं मुखपृष्ठ गेलं ते इथेच, दाराने सोलून काढलं. इल्वेनचा चेहरा गेला, फक्त झगा राहिला. तसंही आत तेवढाच होता.

आता तुम्ही म्हणाल, नावडलं तर ठेवायचं बाजूला, एवढा संताप कशाला? मलाही तेच वाटायचं. मग एक दिवस दारात पडल्या पडल्या मला संतापाचं कारण ऐकू आलं. त्याचं नाव जॅरड.

जॅरड देस्पिनाचा. उंच, फिकट, भांडण झालं की तीन दिवस अबोला. गेल्या उन्हाळ्यात गाडीत वाद झाला म्हणून त्याने तिला हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर उतरवलं आणि निघून गेला. पंप बंद, सावली नाही, बाटलीत घोटभर पाणी. एका ट्रकवाल्याने तिला घरी आणलं तेव्हा तिचे ओठ फाटले होते. जॅरड कुठे गेला होता ते त्याने कधीच सांगितलं नाही. मग तो क्वीन्सलँडच्या खाणींवर गेला, आणि आता निरोप आला होता: शनिवारी येतोय, तुला घेऊन जातो. देस्पिनाने बॅग भरायला काढली होती.

खोपटात पट्टा खडखडत होता.

"तू ऑर्थेलला शिव्या देतेस ना थिया," देस्पिना म्हणाली, "तेव्हा मला कळतं तू कुणाला देतेस ते."

"मी ऑर्थेललाच देते. त्याने तिला बर्फाच्या पुलावर सोडलं. तिच्या भल्यासाठी म्हणे. कुणाचं भलं होतं पुलावर?"

"पण तो परत येतो. तो बदललाय."

"कुठल्या पानावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या पानावर बदलला? पुलावर सोडतो तेव्हा हरामखोर असतो, सहा पानांनी परत येतो तेव्हा देवमाणूस. मधल्या पानांवर झालं काय? मला ते पान दाखव, मी हे पुस्तक पुसून कपाटात ठेवते. तुझ्या त्याच्याबद्दलही तोंड उघडणार नाही. आईशप्पथ."

"दाखवते."

"दाखव. पण इथे नको. या जांभळ्या दिव्याखाली पॉचही चमकते. बाहेर उन्हात ने."

देस्पिनाने मला दाराखालून हिसकलं. मागे दार धाडकन उघडलं आणि वूला ऊन डोळ्यांवर घेत ओरडली, पण पोरगी निघून गेली होती. कचऱ्याच्या ढिगाऱ्याच्या सावलीत बसून तिने मला वाचलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या बाजूने मला वाचत होतं. मीही अंग चोरलं नाही; जे होतं ते सगळं उघडं केलं. पालकाच्या पाईचा तुकडा हातात तसाच राहिला, मुंग्यांनी पालक नेला, मग पाईही नेली. पोरगी पुढे जायची, मागे यायची. बर्फाचा पूल, वादळ, झगा, जबडा.

संध्याकाळी ती मला घेऊन आत आली. बोट पानात होतं.

"सापडलं. ऐक. 'त्या रात्रीनंतर ऑर्थेल पूर्वीचा राहिला नव्हता.'"

वूला कांदा चिरत होती. "मग? त्या रात्री काय झालं?"

देस्पिनाने मागचं पान पाहिलं. पुढचं पाहिलं.

"दिलेलं नाही."

"सॉरी म्हणाला?"

"नाही."

"इतके दिवस कुठे होता ते सांगितलं?"

"नाही. ती विचारत नाही."

"का विचारत नाही?"

देस्पिनाने पानातलं बोट काढून घेतलं. वूलाने ताणलं नाही, एवढं मी तिच्या बाजूने सांगेन. तिने चिरलेला कांदा कढईत टाकला. कांदा गुलाबी व्हायला लागला. मी मान खाली घातली.

शुक्रवारी बॅग दारात आली. भरलेली. मीही माझ्या जागी परत गेलो. वूला दिवसभर गप्प होती, आणि ही बाई गप्प असली की यंत्रसुद्धा जपून चालतं.

शनिवारी भर दुपारी जॅरडची गाडी आली. लाल धूळ बसायच्या आत तो खोपटाच्या दाराशी होता, पाय माझ्यावर. बूट पुसायला काहीतरी ठेवलंय असं त्याला वाटलं असावं. बुटांचे दोन्ही तळ त्याने नीट पुसले.

"देस. चल, निघू या. ऊन वाढतंय."

देस्पिना बाहेर आली. वूला आत पट्ट्याशी बसून राहिली, पण पट्टा तिने बंद केला.

"तुझ्यासाठी काय आणलंय बघ," तो म्हणाला आणि पिशवीतून पुस्तक काढलं. सोनेरी कडा, मखमली खूण, उभार अक्षरं. मी खालून पाहिलं आणि माझी शिवण उसवली. चौथा खंड. मीच, लग्नाच्या कपड्यांत.

"तुला आवडतं ना हे धुक्याचं? दुकानातली बाई म्हणाली, हा सगळ्यात नवा."

"तू त्यावरच उभा आहेस," देस्पिना म्हणाली.

त्याने खाली पाहिलं, पाय काढला, पुन्हा ठेवला. "बरं. मग दोन झाले." मग त्याने जबडा आवळला. देवाशपथ आवळला, मी खालून पाहिला. "हे बघ देस. मागचं सोड. मी बदललोय."

खोपटातून एक बारीक आवाज आला, वूलाने स्वतःचा हात चावल्यासारखा.

देस्पिना त्याच्याकडे बघत राहिली. उन्हात, बिनजांभळ्या, साध्या, भाजणाऱ्या उन्हात. वर, खाली, बाजूने. दगड बघतात तशी.

"कुठल्या पानावर?" ती म्हणाली.

"काय?"

"बदललास ना. कुठल्या पानावर? मला पंपावर सोडलंस, आणि आज उभा आहेस. मधे काय झालं? दाखव."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या माणसाने हातातलं पुस्तक उघडलं. खरंच पानं उलटायला लागला. त्याला वाटलं पुस्तकातलंच काहीतरी विचारतेय, सापडलं की गाडीत बसेल. सोनेरी कडांची पानं चिकटलेली होती, तो अंगठ्याला थुंकी लावून एकेक सोडवत होता, कपाळावरून घामाची धार, ओठांवर माश्या. बराच वेळ शोधलं बिचाऱ्याने.

"यात कुठे आहे ते?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही," देस्पिना म्हणाली. "मीही शोधलं."

तिने दारातली बॅग उचलली. जॅरडने हात पुढे केला. ती त्याच्या बाजूने वळून घरात गेली आणि बॅग पलंगावर उपडी केली. कपडे पडल्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.  जॅरडने पुस्तक दाराजवळच्या पिंपावर ठेवलं आणि तो गाडीकडे वळला.

तेव्हा वूला बाहेर आली. पान सापडलं नव्हतं, तरी शपथ तिने तोवर पाळली होती. "पाणी भरून ने रे," ती गोड आवाजात म्हणाली. "पंप बंद असतो. तुला ठाऊक आहेच म्हणा."

माझा सोनेरी भाऊ आता यंत्राच्या मागच्या पायाखाली आहे, तो पाय आखूड होता. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. दोघांनाही तेच तेच माहीत आहे. माझी पाठ मोडलीय, पहिली शंभर पानं वाऱ्याने नेली, पण त्या पानांशिवायही मी अगदी तसाच आहे, हेच माझं दुःख. देस्पिना येता जाता मला टाचेने आत सारते. जोरात सारते. मला त्याचा राग येत नाही.

पाचवा खंड निघाल्याचं वूलाने काल सांगितलं.

"मागवू?"

"तू आणि तुझा यॉर्गोस," देस्पिना म्हणाली, आणि दोघी हसल्या. मागवला की नाही ते मला कळलं नाही, कारण पट्टा सुरू झाला.

वाचकहो, मला फेका, बूट पुसा, कॉफी ओता, माझं काही म्हणणं नाही. फक्त जो कुणी आम्हाला लिहितो त्याला गाठून सांगा: ते एक पान लिही. झगा काढून टाक, जबडा काढून टाक, वादळ निम्मं कर, पण ते पान लिही. माझ्यात ते नाही. ज्याच्यात असेल, पुस्तक असो की माणूस, त्याला या दाराखालून माझा नमस्कार सांगा.