न्हाणीघरातला पाट

"हा आता बाहेर कसा काढायचा?"

बायकोने दारातून विचारलं तेव्हा खोकेवाले न्हाणीघरात गुडघे टेकून शेवटच्या पट्टीचा स्क्रू पिळत होते. अंघोळीला उभं राहायला केलेला लाकडी पट्ट्यांचा पाट झकास झाला होता. पट्ट्यांमध्ये बोटभर फट, कडा घासून गुळगुळीत, आणि पाय दिला तरी तसूभर हलत नव्हता. ती बघत होती तिकडे त्यांनी पाहिलं. जमिनीतून वर गेलेला नळाचा पाइप त्यांनी चारही बाजूंनी पाटात बंद करून टाकला होता.

जन्मभर कारखान्यात लाकडी खोकी बांधली, म्हणून नाव खोकेवाले. तिथली रीत अशी, की यंत्र आधी जागेवर ठेवायचं आणि खोकं त्याच्याभोवती चढवायचं. ते बाहेर कसं काढायचं ही यंत्र घेणाऱ्यांची डोकेदुखी. ते लोक खोकं पहारीने फोडत. म्हणजे या गृहस्थांनी केलेली एकही वस्तू आजवर टिकली नव्हती, आणि जी टिकायला हवी होती तिच्यात त्यांनी पाइप पॅक केला. जित्याची खोड, दुसरं काय.

"राहू दे तसाच," ते म्हणाले. "पाणी खालून जातंच की."

"आणि शेवाळ धरलं म्हणजे? उचलून वाळवता नाही आला तर बुळबुळीत होणार. मी परत पडेन."

पडण्याचं नाव निघालं की खोकेवाले फरशीकडे बघत. याच फरशीवर ती पडली होती आणि तिचा खुबा मोडला होता. तेव्हापासून ती दार उघडं ठेवून अंघोळ करी आणि हे बाहेर स्टुलावर बसून सारखं विचारत, आहेस ना? बसवत तरी कुठे होतं. उठत, डोकावत, पुन्हा बसत. मुलीने आणून दिलेली रबरी चटई पायाखालून सरकली, तेव्हा तर त्यांनी स्वतःच तिला न्हाऊ घालायला सुरुवात केली. ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मग एका सकाळी म्हणाली, "मला दार लावून अंघोळ करायची आहे. एवढं करा माझ्यासाठी."

त्यासाठी हा सगळा खटाटोप.

दुपारभर ते घरात येरझाऱ्या घालत राहिले. करवत उचलायची, परत ठेवायची. आपल्या हातांनी जोडलेलं कापायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी ती म्हणाली, द्या इकडे, मीच कापते. तेव्हा कुठे ते मुकाट्याने खाली बसले आणि पाइपाच्या रेषेत त्यांनी पाटाचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांना खालून नव्या पट्ट्या मारल्या, तळाला रबर लावलं. एक तुकडा तिने उचलून भिंतीला उभा केला. तिला झेपला.

दुसऱ्या दिवशी ती टॉवेल घेऊन आत गेली. खोकेवाले सवयीने स्टूल घेऊन मागोमाग. दार लागलं आणि आतून कडी सरकली. पाण्याचा आवाज सुरू झाला, मध्येच थांबला. ओठांवर आलेलं "आहेस ना" त्यांनी कसंबसं गिळलं.

"अहो," आतून ती म्हणाली, "ते स्टूल जागेवर नेऊन ठेवा."

ऐकून त्यांना बरं वाटलं आणि कसंसंही झालं. ते स्टूल उचलून निघाले खरे, पण त्याची जागा कुठली होती हे काही केल्या त्यांना आठवेना.