लाल एप्रनच्या मागे

“बाई बाई, डावीकडे केवढा हा खड्डा! यात म्हैस बसली तर शिंगंसुद्धा दिसायची नाहीत.”

“सकाळपासून नुसती पिरपिर,” कानातल्या यंत्रातून तिचा नवरा, सुतार, कुरकुरला. “खड्डे काय आज पहिल्यांदा बघतेस?”

कुरकुरला खरा, पण त्याचं चाक अलगद उजवीकडे सरकलं आणि खड्डा बिचारा डाव्या अंगाने निघून गेला. मागून येणाऱ्या तिने रोखलेला श्वास सोडला. पुढचा श्वास पुढच्या खड्ड्यापर्यंत.

तिघं तीन शेंगांत बसून मेळाव्याला निघाले होते. या वाहनाचं खरं नाव व्हेलोमोबाइल, पण ते जिभेला जड, म्हणून यांच्यात ती शेंगच. असते तीन चाकांची सायकलच. आरामखुर्चीत रेलावं तसं रेलायचं, पाय पुढे पसरून पायडल मारायचं, आणि भोवती होडीसारखं कवच. वरचं झाकण बसवलं की मान तेवढी बाहेर. आत कूस बदलता येत नाही. गुडघ्याला खाज सुटली तर ती मेळाव्यापर्यंत सांभाळून न्यायची.

तिन्ही शेंगा सुताराने स्वतःच्या हाताने बनवलेल्या, पातळ प्लायवूड वाफेवर वाकवून. तिची बनवताना त्याने तिला कारखान्याच्या जमिनीवर उताणं झोपवलं होतं आणि भोवती खडूने रेघ ओढली होती. “अहो, मेलेल्या माणसाभोवती ओढतात तशी काय ओढताय?” ती हसून म्हणाली होती. तो म्हणाला होता, “हलू नकोस. तुझ्या मापाचीच करणार.” तशीच केली. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. त्या रेघेच्या आत ती अजून होती.

सर्वांत पुढे बेकरीवाला. अंगाने भट्टीसारखा, आवाजाने त्याहून मोठा. त्याच्या शेंगेच्या मागच्या काठीवर झेंडा म्हणून एक लालभडक एप्रन फडफडत होता. शेंग जमिनीलगत असते, मोटारवाल्यांना दिसत नाही, म्हणून काठी आणि झेंडा सगळेच लावतात. पण लोकांचा झेंडा हातरुमालाएवढा. याचा आख्खा एप्रन.

मध्ये सुतार. मागे ती. हा क्रमही कधी कोणी ठरवला नव्हता. तो पडला होता, जशी घरात कोणाची खुर्ची कोणती ते पडतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुताराच्या डोळ्यांत बराच वेळ दिवे मारून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून सांगितलं, “दोन्ही बाजूंनी पडदा ओढल्यासारखं होत जाईल. मधली फट राहते काही दिवस. तीही पुढे धुरकट होते. रस्त्यावर वाहन मात्र आता नको.” ती त्याच्या शेजारीच बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. बाहेर आल्यावर सुतार म्हणाला, “नंबर वाढलाय म्हणाले. वयाने होतंच.”

आणि ती म्हणाली, “हो ना. होतंच.”

त्या एका ‘हो ना’त ती जी अडकली ती अडकलीच. तेव्हापासून तिने कुरकुरायला सुरुवात केली. ‘सांभाळा, पुढे स्टूल आहे’ असं म्हटलं की त्याचा चेहरा बंद दुकानासारखा व्हायचा. मग ती म्हणू लागली, “हे स्टूल कोणी बाई दारात आणून ठेवलं? मेल्यांना काही शिस्त नाही!” मग तो स्टुलाला वळसा घालायचा, वर म्हणायचा, “तुला ना, कशातच समाधान नाही.” फोनवर लेक म्हणायची, “आई, किती चिडचिडी झालीस गं तू? बाबा बघ कसे शांत असतात.” यावर काय बोलणार? ती लेकीवरही कुरकुरली.

बेकरीवाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी तो आला, सुताराला फळीवर रंधा मारताना पाहत उभा राहिला. हात अजून चोख होते. हातांना डोळे लागत नव्हते. पण त्याने पुढे केलेला चहाचा कप सुताराने पकडला तो कपाच्या अलीकडे, हवेत. बेकरीवाला काही बोलला नाही, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. पुढच्या खेपेला त्याच्या काठीवर एप्रन होता. “ट्रकवाल्यांना दिसावा म्हणून हो, वहिनी,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “ट्रकवाले हल्ली फार बेफिकीर झालेत.”

“फारच,” ती म्हणाली.

सुतार म्हणाला, “चांगला आहे रंग. ठसठशीत.” बस. एवढ्यावर तिघांनी तो विषय मिटवला आणि त्याच्यावर झाकण बसवलं.

तिची नोकरी बसस्थानकावर, घोषणा करायची. काचेच्या खोलीत माईकपुढे बसून ती दिवसभर लोकांना सांगायची, कोणी कोणत्या फलाटावर जायचं. किती माणसं तिने कुठे कुठे पाठवली! स्वतः फलाटावर उतरायची ती घरी जायला. तिला काम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. पहिल्यांदा सांगितलं की लोक मान वर करतात. दुसऱ्यांदा सांगितलं की पिशवी उचलतात.”

आणि सुट्टीच्या दिवशी ही शेंग. कानातलं यंत्र सुतारानेच आणलं होतं, त्याचं आणि तिचं, दोघांपुरतं. “आता वाटेत गप्पा मारत जाऊ,” म्हणाला होता. बेकरीवाल्याला नको होतं. त्याचं तोंड बिनतारीच चालायचं. गप्पा कसल्या? “उजवीकडून ती मोटार बघा कशी अंगावर येतेय, बापाचा रस्ता आहे जसा!” “हा गतिरोधक कोणा शहाण्याने घातलाय वळणावर?” बाकीच्यांना काय दिसायचं ते दिसो, तिला आख्ख्या वाटेत दिसायची ती सुताराची मान. डाव्या कानामागचा तीळ, केसांची पांढरी कड, हेल्मेटचा पट्टा. मेळाव्यात पोचलं की बेकरीवाला विचारायचा, “वहिनी, तळ्यावर बदकं पाहिलीत का? पांढरं झालं होतं पाणी!” ती म्हणायची, “पाहिली की.” तळं नेमकं कोणत्या बाजूला येतं, हेही तिला ठाऊक नव्हतं.

यंदा तिने एकदा म्हणून पाहिलं होतं, “मी नाही येत या वेळी. पाठ धरते माझी.”

“मग तू आराम कर,” सुतार म्हणाला. “आम्ही दोघं जाऊन येतो.”

झालं. तिने गुपचूप पाठीला मलम लावलं.

मेळाव्याचं मैदान जवळ आलं तशा बाजूच्या रस्त्यांनी आणखी शेंगा येऊन मिळू लागल्या. पिवळ्या, निळ्या, एक तर कलिंगडासारखी रंगवलेली. ओळखीचे लोक हात हलवत होते. बेकरीवाल्याला भरतं आलं. “अरे, आलो रे आलो!” असं गर्जत त्याने वेग वाढवला.

“भट्टी पेटली,” सुतार कानात हसला. “चल, आपणही पळवू.”

“अहो, घाई काय आहे? मैदान काय उठून पळणार आहे?”

“तू म्हणजे ना—” तो म्हणाला, पण रागावला नव्हता. आवाज किती तरी दिवसांनी मोकळा होता. रस्ता रुंद, गुळगुळीत, सरळ. पुढे लाल एप्रन. कुरकुरायला काही म्हणजे काहीच नव्हतं.

आणि डावीकडे झाडं सरली.

तिने मान वळवली नव्हती, मान आपणहोऊन वळली. तळं होतं. डावीकडे येतं तर! बदकं नव्हती एकही. नुसतं पाणी, आणि त्यात उलटं उभं आभाळ. तिने कानाजवळचं बटण दाबून यंत्र बंद केलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तेवढा एक श्वास तिला स्वतःच्या कानाने ऐकायचा होता.

समोर पाहिलं तेव्हा पुढे लाल झेंडे दोन होते.

गेल्या मेळाव्यात बेकरीवाल्याच्या एप्रनचं सगळ्यांनी फार कौतुक केलं होतं. कोणीतरी ती युक्ती उचलली होती. बेकरीवाल्याचा लाल सरळ मैदानाकडे चालला होता, दुसरा उजवीकडे, दुकानांच्या गल्लीत, उतारावर. आणि सुतार उजवीकडच्या लालमागे, वेगात.

“अहो!” ती ओरडली. यंत्र बंद होतं. तिने बटण चाचपलं, सापडेना. गल्लीच्या तोंडाशी एक बाई बाजाराची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. तिने शेंग पाहिली, शेंगेतल्या माणसाचा आपल्याकडे वळलेला शांत चेहरा पाहिला, आणि तो थांबेल असं समजून ती चालत राहिली. अगदी शेवटच्या क्षणी मागे उडी मारली. पिशवी फाटली, कांदे रस्ताभर झाले, चाकं कांद्यांवरून घसरली, आणि शेंग फुटपाथला घासत एका कुंपणात घुसली.

ती कशी उतरली, कशी धावली, तिला कळलं नाही. बेकरीवाला वळून परत आला होता. सुताराच्या शेंगेचं झाकण वाकून अडकलं होतं. तो आतून कडी शोधत होता. दोघांनी मिळून ते उपटलं.

“लागलं का?”

“मला काय होतंय? भट्ट्या, सांगता येत नाही का वळताना? आणि कसले दगड आहेत हे रस्त्यात?”

बेकरीवाल्याने रस्त्यावरच्या कांद्यांकडे पाहिलं. मग त्या बाईकडे. ती फाटकी पिशवी छातीशी धरून हातभर अंतरावर उभी होती. मग त्याने वहिनीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“चुकलंच माझं, सुतारा. वळलो खरा मी एकदम. आणि हे... हो, खडीच टाकून ठेवलीये मूर्खांनी.”

“खडी?” ती बाई फुटली. “अहो, मी मरता मरता वाचले!”

सुतार दचकला. इथे आणखी कोणी आहे हे त्याला तेव्हा कळलं. त्याने हेल्मेट काढलं, मान आवाजाच्या रोखाने वळवली आणि जुन्या वळणाच्या माणसाने मागावी तशी, मनापासून माफी मागितली. “चुकलं हो, बाई. लागलं तर नाही ना तुम्हाला? तुमचं जे काही सांडलं असेल ते मी भरून देतो.”

हे सगळं तो बाईच्या शेजारच्या दिव्याच्या खांबाला सांगत होता.

बाईच्या तोंडावर आलेले शब्द तिथेच थांबले. तिने खांबाकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं, त्याच्या बायकोकडे पाहिलं. “नाही,” ती हळूच म्हणाली, “नाही लागलं. असू द्या,” आणि खाली वाकून कांदे गोळा करू लागली. एवढ्यात तीही यांच्यात सामील झाली होती.

“बघ,” सुतार म्हणाला, “भली आहे बाई. चला, भट्ट्या, ढकल मागून. मैदान आलंच.”

बेकरीवाला हलला नाही. तो वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. आता ती नेहमीसारखी काहीतरी कुरकुरेल, खडीवर, कुंपणावर, नगरपालिकेवर, मग तो शेंग ढकलेल आणि सगळं पुन्हा रस्त्याला लागेल.

ती शेंगेशेजारी गुडघ्यांवर बसली. त्याच्या अगदी समोर, त्या मधल्या फटीत तिचा चेहरा मावेल अशी. आवाज चढवला नाही. काचेच्या खोलीतून बोलायची त्या आवाजात, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली,

“तुम्हाला दिसत नाही.”

सुताराने मान वर केली.

तिने त्याचा हात हातात घेतला आणि काम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं तसं दुसऱ्यांदा सांगितलं.

मग सुताराने दुसरा हात मागे नेला, सीटमागची आपली पिशवी चाचपून काढली, आणि उतरण्याआधी बायकोच्या हातात दिली.