सगळ्यात लांबचं गेट

कारेगावजवळच्या एका शीतगृहात शाकीर आणि बिरदेव एकाच पाळीत कामाला होते. शाकीर बारावीपर्यंत शिकलेला, त्यामुळं इंग्रजी काही आलं की सगळे त्यालाच विचारायचे. अमोनियाच्या टाकीजवळ नवी पाटी लागली तेव्हा बिरदेव म्हणाला, "काय लिव्हलंय रं?"

"गॅस सुटला तर फर्स्ट गेटनं भायेर पडायचं."

शब्द जरा लांब होता, पण शाकीरला तो 'फर्स्ट'च वाटला.

मार्चमधल्या एका दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. पांढरा लोट अंगावर आला. डोळ्यांत तिखट गेल्यागत आग झाली, श्वास घशातच अडकला.

"एक नंबरच्या गेटला पळ!" शाकीर ओरडला.

बिरदेव पुढं धावला. ते गेट टाकीला लागूनच होतं आणि वारा तिकडंच वाहत होता. बिरदेव गळा ओरबाडत गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्ताचा फेस आला. शाकीरनं ते पाहिलं आणि तो उलटा फिरला. मागच्या, टाकीपासून लांबच्या चार नंबरच्या गेटनं तो वाचला.

बिरदेव तिसऱ्या दिवशी गेला.

दवाखान्यातून सुटल्यावर शाकीरनं पाटीवरचा शब्द कागदावर लिहून घेतला आणि राहू गावी बहिणीकडं गेला. फरीदा शाळेत इंग्रजी शिकवायची.

"फार, फार्दर, फार्देस्ट," ती कागद बघून म्हणाली. "लांब, त्याहून लांब, सगळ्यात लांब. अंतर सांगायला वापरतात. का रे?"

"काय न्हाई, आपा."

दहाव्याचा विधी झाल्यावर तो कवठे येमाईला बिरदेवच्या घरी गेला. त्याच्या आईसमोर, वच्छलाबाईंसमोर बसून त्यानं पाटी आपणच चुकीची वाचल्याचं सांगितलं. त्यानं सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

बिरदेवचा भाऊ खंडू भिंतीला टेकलेली पहार घेऊनच आला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्याला शाकीरचं मनगट मोडलं, तो आवाज अंगणभर ऐकू आला. त्यानं दुसरा हातही वर केला नाही. तो पडल्यावर खंडूनं बरगड्यांत लाथा घातल्या.

"बास!" वच्छलाबाई मध्ये आडव्या पडल्या. पहारीचं टोक लागून त्यांचं कपाळ फुटलं, तेव्हा खंडू थांबला.

त्यांनी शाकीरचं डोकं मांडीवर घेतलं. "तू बी त्याच्यासंगंच व्हतास न्हवं?"

"व्हतो, मावशी. त्यो पडला तवा मी माघारी पळालो."

वच्छलाबाईंनी त्याचं डोकं हळूच खाली, मातीवर ठेवलं.

"खंडू," त्या म्हणाल्या, "जीप बोलव. ह्याला शिरूरच्या दवाखान्यात ने."