कॉफी आत घ्या!

नेरेइदाने कागदी पेल्यातल्या कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ही आपल्या मळ्यावर? शी! जुन्या मालकाने कुत्र्यालासुद्धा पाजली नसती."

"हळू बोल. वाचनालय आहे," एल्पिदिओ म्हणाला.

"आणि तुला रे कधीपासून वाचनाचं वेड?"

कॉफीमळ्याच्या मालकाचं हे घर नगरपालिकेने घेतलं, त्याचं वाचनालय केलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एल्पिदिओ रोज व्हरांड्यातल्या याच खुर्चीत. पुस्तक उघडं, नजर फाटकाकडे. नेरेइदा बेटावर परत आलीच, तर हे घर बघितल्याशिवाय जायची नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आली की! एकावन्न वर्षांनी, शिकागोहून, नवऱ्याला पुरून. उद्या सकाळी सान हुआनहून तिचं परतीचं विमान होतं.

'थांब.' एवढंच म्हणायचं होतं. ती गेली तेव्हाही तेच म्हणायचं राहिलं होतं. बोल की मेल्या, त्याने स्वतःला दटावलं, आणि विचारलं काय, तर, "तिकडे थंडी फार का गं?"

"फार." तिने घड्याळ बघितलं. "चल, निघते. भाचा येईल गाडी घेऊन."

डोंगरावरून ढग खाली उतरला. अंगणात थेंब पडायला लागले. नेरेइदा ताडकन उठली आणि ओरडली,

"कॉफी आत घ्या!"

वाचणारी माणसं दचकली. एल्पिदिओ दुखरे गुडघे विसरून पायऱ्या उतरला. कॉफीच्या बिया वाळवायचे लांबरुंद, चाकांवरचे खण अजून घराच्या जोत्याखाली होते. उन्हात बाहेर ओढायचे, सर आली की दोघांनी दोन कोपरे धरून आत ढकलायचे. एक खण तेवढा लोकांना बघायला बाहेर ठेवला होता. तिने डावा कोपरा धरला, त्याने उजवा, दोघं मळ्यावर कामाला होती तेव्हासारखाच. खण हलेना.

"खिळे ठोकलेत याला," तो धापा टाकत म्हणाला. "नऊ वर्षं बघतोय."

"मीही मघाशी बघितले."

"मग ओरडलीस कशाला?"

"तू धावलास कशाला?"

फाटकाशी भाच्याने भोंगा वाजवला. दोघं पार भिजली होती.

"थांब," एल्पिदिओ म्हणाला.

"पाऊस उघडेपर्यंत?"

"नाही."

भोंगा पुन्हा वाजला. नेरेइदाने कोपरा सोडला नाही.